ठमीचा कर्णा

मंडळी, गेल्या आषाढात माझ्या हातून एक चूक झाली. तशा आयुष्यात पुष्कळ झाल्या, पण ही एका मुक्या जिवावर बेतणार होती. नातेवाइकांपैकी निम्म्यांना फोनवर अर्धवट कळलंच आहे. नाशिकच्या वन्संनी तर "मांजरासाठी एवढं?" असं विचारूनही झालं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते, आणि त्या निमित्ताने मला जे वाटतं तेही.

आमचं घर पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या वाटेवर. ठमी तेव्हा पाच महिन्यांची होती. पांढरी, काळी आणि पिवळी अशी तीन रंगांची. (तीन रंगांचं मांजर बहुतेक वेळा मांजरीच असते, बोका अगदी क्वचित.) तिची आई, जिला आम्ही थोरली म्हणायचो, ती दोन वर्षांत तीनदा व्याली. पहिल्या खेपेची पिल्लं बोक्याने मारली. दुसऱ्या खेपेची दोन रस्त्यावर गेली. तिसऱ्या खेपेची एकटी ठमी वाचली, आणि त्याच पावसाळ्यात थोरली कुठे गेली ते कळलंच नाही.

आता एक गोष्ट कबूल करते. नोकरीत असताना आमच्या पुण्याच्या वाड्यात मांजर व्यालं की पिल्लं डोळे उघडायच्या सुमारास कुणीतरी पिशवी शोधायचं. मंडईच्या मागे नेऊन सोडायची. तिथे मासळी असते, खायला मिळतं, अशी आपली समजूत. एकदा ती पिशवी मीच शाळेच्या शिपायाच्या हातात दिली होती. त्या पिल्लांचं पुढे काय झालं हे मी त्याला विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही. आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

म्हणून जेव्हा नात म्हणाली, "आजी, ठमीचं ऑपरेशन करून घेऊ," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते. दोन महिने आणि वर दोन-चार दिवस, की बाळंत. अंगावर पिल्लं पीत असतानाही पुन्हा राहते. ह्यांना (आमच्या ह्यांना) मात्र ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं पुढे सांगेन, कारण ते अगदीच टाकाऊ नाही.

कोथरूडच्या बाजूला एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, माझ्या नातीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठी. पोटावर दीड बोटाची चीर आणि चार टाके. संध्याकाळी ठमीला घरी आणलं तेव्हा तिच्या गळ्यात प्लास्टिकचा तो मोठा गोल पट्टा होता. शेजारची पोरं तिला बघायला आली आणि ओरडली, "ठमीने कर्णा घातलाय!" दिसत होताच तसा, गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यासारखा. इंग्रजीत म्हणे त्याला एलिझाबेथन कॉलर म्हणतात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात लोक गळ्याभोवती चुणीदार पट्टे घालत त्यावरून.

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. कर्णा काढायचा नाही. जखम ओली करायची नाही. उड्या मारू द्यायच्या नाहीत. रोज दोनदा जखम बघायची. दहा-चौदा दिवसांनी टाके काढायला यायचं. मी तो कागद वरवर वाचला आणि फ्रिजवर ठेवला. जन्मभर मुलांना "प्रश्नपत्रिका आधी नीट वाचा" म्हणून सांगितलं, आणि स्वतः हे केलं.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या रात्री पाऊस कोसळत होता. आषाढातला आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतींना घाम फुटतो. वीजही गेली होती. ठमीला त्या कर्ण्यामुळे धड झोपता येईना, भिंतीला आपटत आपटत ती खोलीभर फिरत होती. मध्येच थांबून माझ्याकडे बघायची. मला राहवलं नाही. "एक रात्र काढते बाई तुझा फास," असं म्हणून मी कर्णा काढला. ती माझ्या पायाशी गोल झाली आणि घुरघुरायला लागली. मला वाटलं, किती बरं काम केलं आपण!

ती रात्रभर पोट चाटत होती हे मला सकाळी कळलं.

मांजराची जीभ म्हणजे किसणी. तिच्यावर मागे वळलेले बारीक कडक काटे असतात, हाडावरचं मांस खरवडायला आणि अंगावरची लव विंचरायला. त्या जिभेपुढे चार टाके काय टिकणार? एक टाका सुटला होता आणि चिरेची कड ओली, लाल झाली होती. "चाटल्याने जखम बरी होते" असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण मांजराच्या तोंडात पाश्चुरेला वगैरे जातीचे जंतू असतातच, आणि उघड्या जखमेत ते गेले की तिथेच वाढतात.

मी कर्णा पुन्हा घातला आणि कुणाला काही बोलले नाही. नातीलाही नाही. का? तर लाज वाटली. आता लिहिताना वाटतं, खरी चूक कर्णा काढला ही नव्हे. ती दयेपोटी झाली. त्यानंतर दीड दिवस मी गप्प बसले, ती खरी चूक.

पाचव्या दिवशी जखमेभोवती सूज आली. पिवळट पू दिसायला लागला, आणि वास. ठमी पलंगाखाली जाऊन बसली, दुधाला तोंड लावेना. शेजारच्या वहिनी लावणीवरून चिखलाच्या पायांनी तशाच आल्या. "बाई, हळद आणि तेल कालवून भरा. आमच्या बैलाच्या खांद्याला तेच लावतो." दुसऱ्या कुणी कापूर सांगितला, म्हणजे अळ्या पडणार नाहीत. ह्यांनी डेटॉलची बाटली काढली. आणि मी? मी ह्यांच्या डब्यातली तापाची गोळी काढून तिचे चार तुकडे करत होते. लहान जीव आहे, पाव गोळी पुरे, असा माझा हिशोब.

तेवढ्यात नातीचा फोन आला. माझ्या आवाजावरून तिला काहीतरी कळलं असावं. मी सगळं सांगितलं. ती फोनवर अक्षरशः किंचाळली, "आजी, ती गोळी खाली ठेव!"

पॅरासिटामॉल हे मांजराला विष आहे. आपलं यकृत ते औषध ज्या वाटेने निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. मग रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या करड्या-निळ्या पडतात, आणि मोठ्या मांजरालाही एखादी गोळी पुरते. पाच महिन्यांच्या पिल्लाचं काय झालं असतं, त्याचा विचार मी अजून करत नाही. डेटॉलसारखी जंतुनाशकंही मांजराला घातक, कारण अंगाला लावलेलं सगळं ती चाटून पोटात घेते. कापराचंही तेच.

जे एकाला औषध ते दुसऱ्याला विष, हे मला खरं तर माहीत असायला हवं होतं. आमच्या लहानपणी मेलेल्या गुराभोवती गिधाडं उतरायची. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पुढे २००४ मध्ये कारण सापडलं: गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत, ते मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई, आणि त्यांचे मूत्रपिंड बंद पडत. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गाईला बरं वाटावं म्हणून दिलेल्या औषधाने आकाशातले पक्षी गेले. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता.

त्याच दुपारी शेजारच्या मुलाने त्याच्या पिकअपमधून आम्हाला नेलं. पिरंगुटला गाड्यांची रांग, पुढे चांदणी चौकापर्यंत पाऊस. ठमी टोपलीत, टोपली माझ्या मांडीवर. तिला १०४ ताप होता. (मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०० ते १०२.५ पर्यंत चालतं.)

मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, कर्णा काढला त्याच दिवशी फोन केला असता तर बरं झालं असतं. लोक लाजतात आणि दोन दिवस जातात. ते दोन दिवस मला परत मिळत नाहीत."

मला वाटलं होतं सुटलेला टाका पुन्हा घालतील. तसं नाही. आत पू असताना वरून शिवलं तर तो आतच कोंडतो. त्यांनी जखम धुतली, आतले टाके धरून आहेत ना ते पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि ती जागा उघडीच ठेवली. ती आतून बाहेर भरत येईल म्हणाल्या. मग पुढचे दिवस मी काय करायचं ते सांगितलं, आणि ह्या वेळी मी वहीत लिहून घेतलं.

ते असं. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात एक सपाट चमचा मीठ. त्यात स्वच्छ कापड भिजवून दिवसातून दोनदा जखम हलकेच टिपायची, घासायची नाही. कापूस नको, त्याचे धागे चिकटतात. त्यांनी दिलेल्या औषधाशिवाय वरून काही लावायचं नाही, हळदसुद्धा नाही. प्रतिजैविकाचं औषध सांगितले तितके सगळे दिवस, सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, बरं दिसलं म्हणून मध्ये थांबवायचं नाही. कोरडी खोली, दाराला जाळी किंवा मच्छरदाणी, कारण पावसाळ्यात माशी बसली की अळ्या व्हायला वेळ लागत नाही. आणि कर्णा चोवीस तास. खायला अडचण होत असेल तर आपण शेजारी बसायचं, पसरट ताटलीत द्यायचं, आणि नजर हलवायची नाही. भूक मेली, वास वाढला, टाक्यातून काही बाहेर आलं, तर रात्र असली तरी फोन.

पुढचे बारा दिवस आमच्या घरात शाळेसारखं वेळापत्रक होतं. ह्यांनी कालनिर्णयवर प्रत्येक डोसाची खूण केली. ज्यांना ऑपरेशनच मान्य नव्हतं, तेच पहाटे सहाला उठून पाणी उकळायचे. मी ठमीला टॉवेलात गुंडाळून धरायची, हे तिच्या गालफडातून औषध घालायचे. दुसऱ्या दिवशी तिने माझा अंगठा असा चावला की रक्त आलं. साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतला आणि सरकारी दवाखान्यात जाऊन मीही माझी इंजेक्शनं घेतली. रात्री ती भिंतीला कर्णा आपटत फिरायची आणि माझ्याकडे तशीच बघायची. मी दिवा मालवून कुशीवर वळायची. हे सगळ्यांत अवघड होतं, मंडळी. जखम धुणं त्या मानाने सोपं.

आठव्या-नवव्या दिवशी जखमेत गुलाबी मांस दिसायला लागलं. बाराव्या दिवशी ती स्वतःहून म्हशीच्या दुधासाठी ओरडली. (मोठ्या मांजराला दूध पचतंच असं नाही, हेही तेव्हाच कळलं. पण त्या दिवशी दोन चमचे दिले.)

आता ह्यांचं म्हणणं. "मुळात कापायचंच कशाला? निसर्गाने दिलेलं आपण काढून घेतो आणि त्याला उपकार म्हणतो." मी हे हसण्यावारी नेत नाही. ठमीला कुणी विचारलं नव्हतं. ती आजारी नव्हती. तिला पुढे गर्भाशयात पू होणार नाही, छातीच्या गाठींचा धोका कमी होईल, हे खरं असलं तरी आपण ऑपरेशन मुख्यतः केलं ते आपल्याला पिल्लं नकोत म्हणून. पण ऑपरेशन नको म्हणणाऱ्यांनी पिशवीचं उत्तर द्यायला हवं. थोरलीच्या तीन वेतांतलं एक पिल्लू जगलं. "निसर्ग" म्हणतो तो हाच. माझ्या मते ऑपरेशन योग्यच होतं, आणि अजूनही तेच मत आहे.

पण त्यातूनच पुढची गोष्ट निघते, आणि ती मला ह्या वयात शिकायला मिळाली. बोक्याशी भांडून झालेली जखम ही मांजराची. ही जखम आपली आहे. ती आपण ठरवून, तारीख घेऊन केलेली आहे. तेव्हा "मांजर आहे, होईल आपोआप बरं, पूर्वी कुठे होते डॉक्टर?" हे इथे लागू होत नाही. पूर्वी अशी जखमच नव्हती. आणि पूर्वीची जी मांजरं आपोआप बरी झाली ती तेवढी आपल्याला आठवतात. बाकीची माळ्यावर नाहीतर बांधाच्या कडेला जाऊन मेली, ती आपण मोजलीच नाहीत.

मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवायचे. १९७६ मध्ये राज्यघटनेत मूलभूत कर्तव्यं आली, त्यात प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचं एक आहे. "कोणतीही पाच कर्तव्ये लिहा" म्हटलं की मुलं हे हमखास लिहायची, पाठ करायला सोपं म्हणून. मीही गुण द्यायची. पण त्याच्या कितीतरी आधी, १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे. त्याचं तिसरं कलम दयेबद्दल बोलत नाही. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या भल्यासाठी योग्य ते सगळे उपाय करायला हवेत, असं ते सांगतं. हे मी कधी शिकवलं नाही, कारण ते पुस्तकात नव्हतं. दया माझ्याकडे त्या रात्री भरपूर होती. कर्णा तिनेच काढला. ठमीला गरज होती ती दुसऱ्या गोष्टीची.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी २०२३ च्या नियमांतही हे आहे. नुसती नसबंदी करून भागत नाही. ऑपरेशननंतर कुत्र्याला देखरेखीखाली ठेवायचं, आणि मग जिथून आणलं तिथेच सोडायचं. ज्या कुत्र्याला घर नाही त्याच्याही त्या दिवसांचा विचार नियमाने केला आहे. आपल्या घरच्या मांजराचा तो विचार आपणच करायचा असतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी पुढचे पंधरा दिवस मोजा. घरात कोण असेल? लग्नकार्य, लावणी, परगावी जाणं मध्ये येतं का? कोरडी खोली आहे का? रात्री दवाखान्यात न्यायला गाडी कोण देईल? आमच्याकडे गुरांसाठी १९६२ ह्या क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो, बावधनच्या बाजूला जखमी भटक्या प्राण्यांसाठी रेस्क्यू ही संस्था काम करते. पण आपल्या मांजराचे टाके रोज दोनदा बघायला कुणी संस्था येणार नाही. सोसायटीतली भटकी मांजरं धरून नेणाऱ्या उत्साही मंडळींनाही हेच विचारावंसं वाटतं, की परत आणल्यावर पहिले काही दिवस ती कुणाच्या खोलीत राहणार? त्याचं उत्तर तयार असेल तर जरूर न्या. आणि काही चुकलं, तर लाजू नका. त्याच दिवशी सांगा. खर्चाचंही सांगते, आम्हाला ऑपरेशनपेक्षा नंतरच्या फेऱ्यांनाच जास्त पैसे लागले, आणि त्यातली प्रत्येक फेरी टळली असती.

असो. ठमी आता अंगाने भरली आहे. पोटावरची लव परत आली, फक्त चिरेच्या जागी एक पांढरी रेघ राहिली आहे, आणि ती तिथे हात लावू देत नाही.

परवा शेजारच्या वहिनी त्यांच्या मांजरीबद्दल विचारायला आल्या होत्या. "बाई, आमच्या सोनीचंही करून घेऊ का?" मी म्हटलं, करा, पण लावणी उरकल्यावर, घरात माणूस असेल तेव्हा. टाके मी बघून देईन रोज. आणि कर्णा विकत घेऊ नका. आमचा धुऊन, वाळवून दारामागच्या खिळ्याला टांगलेला आहे.